सही नसलेलं पत्र

माझ्या माहेरी पोस्टमन येऊन गेला की आई हातातलं काम टाकून पत्र उचलायची आणि आधी त्याची मागची बाजू बघायची. पाठवणाऱ्याचं नाव वाचल्याशिवाय तिनं पत्र कधी फोडलं नाही. नाव कळलं की अर्धं पत्र कळलं, असं तिचं म्हणणं. मावशीचं असेल तर कुणाचं तरी बाळंतपण, काकांचं असेल तर शेताचा वाद!

गेल्या वर्षी एक पत्र माझ्या वाचनात आलं. त्याच्या मागेही नाव नाही आणि आतही नाव नाही. जवळजवळ एकोणीसशे वर्षं मोठमोठे विद्वान ते उलटंपालटं करून बघताहेत. मैत्रिणींनो, मी काही त्या विद्वानांत बसणारी नाही. बी.ए.ला इतिहास होता, एवढीच माझी शिदोरी. पण या पत्रानं मला आमच्या घरातली एक जुनी वही नव्यानं वाचायला लावली, म्हणून हे लिहिते आहे.

ते पत्र मला दिलं कॅम्पातल्या माझ्या मैत्रिणीनं. कॉलेजात आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. ती ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेली. पर्युषण संपलं की क्षमावाणीला ती आमच्याकडे येते, नाताळात मी तिच्याकडे नेवऱ्या खायला जाते. आमच्या वहीची कुरबुर तिच्या कानावर घातली, तर तिनं आतून मराठी बायबल आणलं, एका ठिकाणी लाल दोरी घातली आणि म्हणाली, "हे 'इब्री लोकांस पत्र' वाच. कुणी लिहिलं कुणालाच ठाऊक नाही. एका बाईनं लिहिलंय असंही काही जण म्हणतात."

मी त्या दिवशीच वाचायला बसले.

या पत्राचे तेरा अध्याय आहेत. मूळ भाषा ग्रीक, आणि बायबलच्या नव्या करारातलं सगळ्यात घोटीव ग्रीक त्यात आहे असं जाणकार सांगतात. त्या करारात पौल या प्रेषिताच्या नावाची तेरा पत्रं आहेत आणि त्या तेराही पत्रांची सुरुवात त्याच्या नावानं होते. या पत्राला मात्र ना नाव, ना नमस्कार. एकदम विषयालाच हात. वाचताना प्रवचन ऐकल्यासारखं वाटतं. शेवटाला आल्यावर मग ते पत्रासारखं होतं: आपला भाऊ तीमथ्य सुटला आहे, इटलीकडची मंडळी तुम्हाला सलाम सांगतात, मी थोडक्यातच लिहिलंय, सांभाळून घ्या. तेरा अध्याय लिहून वर 'थोडक्यात' म्हणणारी ही व्यक्ती मला लगेच आपल्यातली वाटली!

रोमचा क्लेमेंट याच्या नावानं ओळखलं जाणारं एक पत्र पहिल्या शतकाच्या अखेरीचं मानतात. त्यात या पत्रातले विचार आणि शब्द उचललेले दिसतात, पण लेखकाचा उल्लेख नाही. म्हणजे पत्र तेव्हाही वाचलं जात होतं आणि नाव तेव्हाही सांगितलं जात नव्हतं. पुढं पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांनी ते पौलाचं मानलं. साधारण इ.स. २००च्या सुमाराचं पपायरसवरचं एक हस्तलिखित आज डब्लिन आणि मिशिगन इथं विभागून ठेवलेलं आहे. त्यात हे पत्र पौलाच्या पत्रांमध्ये, 'रोमकरांस पत्र' याच्या लगेच पाठोपाठ लिहिलेलं आहे. पश्चिमेकडं मात्र खळखळ चालू राहिली. उत्तर आफ्रिकेतल्या टर्टुलियननं ते बर्णबाचं ठरवलं. बर्णबा लेवी कुळातला, त्यामुळं पुरोहितांचे विधी त्याला ठाऊक असणार. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट म्हणाला, पौलानं ते हिब्रूत लिहिलं आणि लूकनं ग्रीकमध्ये उतरवलं. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा मोठा पंडित. त्यानं विचार पौलाच्या वळणाचे आहेत हे मान्य केलं, भाषा त्याची नाही हेही सांगितलं, आणि लिहिलं कुणी हे देवालाच ठाऊक, असं म्हणून हात जोडले.

बायबलमध्ये कोणते ग्रंथ घ्यायचे हे चौथ्या शतकात ठरत होतं, तेव्हा प्रेषितांशी नातं असलेल्या लिखाणाला मान होता. पौलाचं नाव लागलं आणि या पत्राची जागा पक्की झाली. पुढं सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरनं पुन्हा शंका काढली आणि अपुल्लोसचं नाव सुचवलं. अपुल्लोस अलेक्झांड्रियाचा यहुदी, वक्तृत्वाला तयार, शास्त्रात मुरलेला. तरी १६११च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये मथळ्यावर पौलाचंच नाव छापलं गेलं. आजचे बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत, आणि त्याचं कारण पत्रातच आहे. लेखक म्हणतो, हा तारणाचा संदेश प्रभूला ज्यांनी प्रत्यक्ष ऐकलं त्यांच्याकडून आमच्यापर्यंत आला. पौलाचा तर दुसऱ्या एका पत्रात ठाम दावा आहे, की आपल्याला हे कुणा माणसाकडून मिळालेलं नाही.

वाचताना मला आपलं तत्त्वार्थसूत्र आठवलं. तो ग्रंथ दिगंबर आणि श्वेतांबर दोघांनाही मान्य. पण आपण कर्त्याला उमास्वामी म्हणतो, ते उमास्वाती म्हणतात, आणि त्यावरचं भाष्य त्यांचं स्वतःचं की दुसऱ्या कुणाचं, यावर एकमत नाही. तरी दशलक्षण पर्वात आपण रोज एक अध्याय वाचतोच. नावाचा वाद सूत्रांच्या आड आलेला नाही.

पण पत्रात सांगितलंय काय? ज्यांना ते लिहिलं ती माणसं दमलेली आहेत. नव्या श्रद्धेपायी त्यांनी पूर्वी हाल सोसले, घरादाराची लूट झाली तीही सोसली. आता उत्साह ओसरलाय. काहींनी एकत्र जमणं सोडलंय, जुन्या वाटेनं परत जावं असं मनात येतंय. लेखक त्यांना धीर देतो, रागावतो, पुन्हा जवळ घेतो. त्याचा मुख्य मुद्दा असा: यहुदी धर्मात प्रायश्चित्ताच्या दिवशी, वर्षातून एकदाच, महायाजक पशूचं रक्त घेऊन परमपवित्र स्थानात जात असे. दर वर्षी तेच, पुन्हा पुन्हा. एखादं काम पुन्हा पुन्हा करावं लागतं याचाच अर्थ ते पुरं झालेलं नाही. बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्तानं पाप धुतलं जात नाही. येशूनं स्वतःला अर्पण केलं ते एकदाच आणि कायमचं. म्हणून आता मागं फिरू नका.

येशू तर याजकांच्या लेवी वंशातला नव्हता, मग तो महायाजक कसा? त्यावर लेखक जुन्या करारातल्या मलकीसदेकाचं उदाहरण देतो. तो राजाही आणि याजकही, पण त्याचा बाप कोण, आई कोण, वंशावळ काय, शास्त्रात काहीच सांगितलेलं नाही. अधिकार कुळावरून येत नाही, असं दाखवायला त्याला हाच सापडला! आणि हे सांगणाऱ्या पत्रालाही आई-बाप नाहीत. मी ते पान दोनदा वाचलं.

पशूच्या रक्ताबद्दलचं वाचून आधी मला फार बरं वाटलं. आपल्याकडं यशोधराची कथा लहानपणापासून ऐकलेली. आईच्या हट्टानं त्या राजानं खऱ्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला, तर त्या नुसत्या संकल्पापायी दोघांना कितीतरी जन्म पशुयोनीत भटकावं लागलं. कन्नडमध्ये जन्न कवीनं १२०९ साली याच कथेवर 'यशोधर चरिते' लिहिलं. मला वाटलं, बघा, तिकडंही हेच सांगितलंय. पण पुन्हा नीट वाचलं तेव्हा कळलं, की हे तसं नाही. या पत्रात बैलाचा आणि बकऱ्याचा जीव कळवळून आठवलेला नाही. त्या रक्तानं माणसाचं मन शुद्ध होत नाही, ही त्याची तक्रार आहे. आणि एकानं सगळ्यांसाठी भोगलं, हा तर त्याचा पायाच आहे. आपण मानतो की आपलं कर्म आपल्यालाच भोगून झडवावं लागतं, तीर्थंकरही ते आपल्यासाठी झडवत नाहीत. दुसऱ्याच्या ग्रंथात आपलंच तोंड बघायला जाऊ नये, एवढं मी त्या दिवशी शिकले. तरी शेवटच्या अध्यायात एक जागा अशी आहे की तिथं मी आणि माझी मैत्रीण दोघी निवांत बसू शकतो. परक्याचं आदरातिथ्य विसरू नका, तुरुंगातल्यांची आठवण ठेवा, आणि देवाला आवडणारं अर्पण म्हणजे चांगलं करणं आणि आपल्यातलं दुसऱ्याला देणं, असं तिथं सांगितलंय.

आता त्या बाईकडं वळते.

तिचं नाव प्रिस्किल्ला. रोमचा बादशहा क्लौद्य यानं इ.स. ४९च्या सुमारास यहुदी लोकांना रोममधून घालवून दिलं, तेव्हा ती आणि तिचा नवरा अक्विल्ला करिंथला आले. धंदा तंबू शिवण्याचा. पौलाचाही हाच धंदा, म्हणून तो त्यांच्याकडं राहिला. पुढं ते दोघं इफिसला गेले. तिथं तो वक्तृत्वात तयार असलेला अपुल्लोस बोलत होता. त्याचं ज्ञान अपुरं आहे हे या दोघांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी त्याला जवळ घेऊन नीट शिकवलं. त्यांच्या घरातच मंडळी प्रार्थनेला जमत. आपल्यासाठी या दोघांनी जीव धोक्यात घातला, असं पौलानंच लिहून ठेवलंय.

नव्या करारात या जोडप्याचा उल्लेख सहा वेळा येतो, आणि त्यांतल्या चार वेळा बायकोचं नाव आधी आहे. त्या काळात ही काही साधी गोष्ट नव्हे.

जर्मनीतले अडोल्फ फॉन हार्नाक हे ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचे नामांकित अभ्यासक. त्यांनी १९०० साली असं मांडलं, की हे पत्र प्रिस्किल्लानं, नवऱ्याच्या साथीनं लिहिलं असावं. लिहिणारी व्यक्ती शिकवण्यात मुरलेली आहे, तीमथ्याला जवळून ओळखते, इटलीशी तिचा संबंध आहे, कधी 'मी' म्हणते, कधी 'आम्ही'. हे सगळं या जोडप्याला लागू पडतं. आणि एवढं मोठं पत्र जपणाऱ्यांनी नावच का जपलं नाही? हार्नाक म्हणाले, ते बाईचं होतं म्हणून.

हे वाचून मी ताटावरून उठल्यासारखी उठले आणि मैत्रिणीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "अकरावा अध्याय, बत्तिसावी ओवी. आधी ती बघ."

त्या अध्यायात श्रद्धेनं जगलेल्या माणसांची यादी आहे. हाबेल, नोहा, अब्राहाम, सारा, राहाब. मग लेखक म्हणतो की बाकीच्यांबद्दल सांगत बसायचं तर वेळ पुरणार नाही. यातला 'सांगत बसणारा' हा शब्द ग्रीकमध्ये पुल्लिंगी आहे! अख्ख्या पत्रात लेखकाचं लिंग व्याकरणानं उघड करणारी ही एकच जागा. शब्द आहे 'दिएगूमेनोन'. बाई बोलत असती तर 'दिएगूमेनेन' झालं असतं. ग्रीक लिपीत फरक एका अक्षराचा.

एका अक्षराचा! आणि इथंच मला आमची वही आठवली.

माझ्या सासूबाईंची एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कडा उंदरानं कुरतडलेल्या. एका बाजूनं सांडगे-पापडांची मापं, दुसऱ्या बाजूनं आरत्या आणि पदं. त्यांतल्या दोन आरत्या त्यांनी स्वतः केलेल्या. पापड लाटताना त्या गुणगुणत आणि संध्याकाळी लिहून ठेवत, हे माझ्या थोरल्या नणंदेनं डोळ्यांनी बघितलंय. काही वर्षांपूर्वी एका मंडळानं आरत्यांची पुस्तिका छापली. त्यात या दोन आरत्या आल्या, आणि खाली रचनाकार म्हणून नाव आलं मामंजींचं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. वही त्यांच्या घरची, घर त्यांच्या नावाचं, म्हणून आरतीही त्यांची. पण वहीत सासूबाईंच्या अक्षरात 'शरण आले' आहे आणि पुस्तिकेत छापलंय 'शरण आलो'. नाव बदललं, मग त्या नावाला शोभेल असं क्रियापदही बदललं. 

मी हे धाकट्या दिरांना दाखवलं, तर ते हसले. "वहिनी, आमच्याकडं बायका पण 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात की. त्यात काय बिघडलं?"

आता हे खरंच आहे. आमच्या बेळगाव भागात बायका सर्रास असं बोलतात. सासूबाईही बोलताना 'आलो'च म्हणायच्या. पण लिहिताना शाळेत शिकल्याप्रमाणं त्यांनी 'आले' लिहिलं, आणि वहीत ते तसंच आहे.

तेव्हा माझ्या मनानं झेप घेतली. आमच्या घरात तीस वर्षांत 'ले'चा 'लो' झाला, तर तिकडं एवढ्या शतकांत काय काय झालं असेल! नकलकारांनी कुठं हात फिरवला याचा एक पुरावाही मला मिळाला. अपुल्लोसला शिकवण्याच्या त्या प्रसंगात जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत प्रिस्किल्लाचं नाव आधी आहे, पण काही हस्तलिखितांत क्रम उलटून अक्विल्ला पुढं आलाय. १६११च्या इंग्रजी बायबलमध्येही तोच उलटा क्रम छापला गेला.

पण मैत्रिणींनो, झेप घेतली म्हणजे पाय टेकले असं होत नाही. नावांचा क्रम बदलला हे दाखवता येतं, कारण दोन्ही क्रमांची हस्तलिखितं आपल्यासमोर आहेत. बत्तिसाव्या ओवीचं तसं नाही. तो शब्द स्त्रीलिंगी असलेलं एकही हस्तलिखित नाही. आमच्याकडं वही आहे, अक्षर आहे, आठवण सांगणारी नणंद आहे. तिकडं यांतलं काहीच नाही. बाईनं लपण्यासाठी पुल्लिंग वापरलं असेल, असंही कुणी म्हणतात. असेल. पण 'असेल'वर नाव लिहिता येत नाही. बहुतेक अभ्यासकांनी हार्नाकांचं म्हणणं स्वीकारलं नाही, आणि वाईट वाटलं तरी मलाही ते सोडावं लागलं. ज्यांनी पौलाचं नाव चिकटवलं त्यांनी भक्तीपोटी चिकटवलं. मी प्रिस्किल्लाचं चिकटवलं असतं तर तेही मायेपोटीच. दोन्हींत पत्रावर दुसऱ्याची सही करणंच झालं असतं.

प्रिस्किल्लाचा मोठेपणा मात्र याने कमी होत नाही. पत्र तिचं नसलं तरी तिनं एका पंडिताला शिकवलं, तिच्या घरात मंडळी जमली, हे नावासकट लिहिलेलं आहे. आणि आपल्या मराठीत तर पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मुळातून मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या, तोवर केडगावच्या मुक्तीत त्यांचं ते काम चालू होतं. म्हणजे हे पत्रही एका मराठी बाईच्या हातून शब्दशः गेलंय, आणि त्या कामावर तिचं नाव आहे. 

पुढच्या क्षमावाणीला मैत्रीण आली तेव्हा तिनं विचारलं, "मग? बाईनं लिहिलंय का गं ते?"

"तुमचा ओरिजेनच बरोबर होता," मी म्हटलं.

ती हसली. मग मी तिला वही दाखवली. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघायची होती. मी मंडळात वही घेऊन गेले, अक्षर दाखवलं, नणंदेला सोबत नेलं. थोडी चर्चा झाली, पण भांडण झालं नाही. दिरांनीच शेवटी सांगितलं, "आईचं नाव घाला." आता त्या दोन आरत्यांखाली सासूबाईंचं नाव आहे आणि आत 'शरण आले' आहे.

वहीत तिसरीही एक आरती आहे, फार गोड. पण अक्षर सासूबाईंचं नाही, मामंजींचंही नाही. कुणी पाहुणी बाई लिहून गेली असेल असं माझ्या मनात येतं, कारण तिच्यातही 'आले' आहे. पण आपल्याकडं संतांनीही बाईच्या मुखातून पदं केलीत, तेव्हा नुसत्या 'आले'वरून मी काय ठरवणार? तिच्याखाली 'कर्ता अज्ञात' एवढंच छापायला सांगितलं.

तुमच्या घरी अशी एखादी वही असेल तर आज दुपारी ती काढा. लिहिणारी हयात असेल तर तिच्याकडूनच पहिल्या पानावर नाव आणि तारीख घालून घ्या. नसेल तर जिला आठवतंय तिला बोलवा आणि ती काय सांगते ते लिहून ठेवा, सांगणारीच्या नावासकट. मी माझ्या वहीवर परवाच घातलं.